व्हँटेजचा माळा

कुडपण, ता. पोलादपूर
१२ सप्टेंबर १९७८

मित्र श्रीपत मास्तर यास,

भागोजीचा रामराम. आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण मी खुशाल नाही.

पोलादपूरच्या शाळेत आपण सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे तू महाडात इंग्रजीचा मास्तर झालास आणि मी डोंगरावर नाचणीचा. आजवर मी तुला इंग्रजीतलं काही विचारलं नाही. आज विचारतो. व्हँटेज म्हणजे काय?

झालं असं. दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनानंतर एक मोजणीचा साहेब दुर्बीण घेऊन डोंगरमाथ्यावरच्या आमच्या सड्यावर आला. आता सड्यावर शेतं काय थोडी आहेत? पण तो नेमका कुशाबाच्या शेतात शिरला, त्याच्या राखणीच्या माळ्यावर चढला, चहूकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "व्हॉट अ व्हँटेज!" एवढं बोलून गेला. तेव्हापासून कुशाबा जमिनीवर नाही. भेटेल त्याला सांगतो, "माज्या शेतात व्हँटेज हाय. सायबानं सोता बगितलान." ते काय असतं विचारलं तर म्हणतो, "ज्येच्याकडं असतं त्येलाच समाजतं." म्हणजे त्यालाही ठाऊक नाही.

मी याच्याकडे दुर्लक्ष केलं असतं, पण गोष्ट माझ्या बनूच्या लग्नाची आहे. कुशाबाचा पांडू आणि आमची बनू, जोडा चांगला आहे, कूळ-आडनाव वेगळं आहे, पोरांची मनं आहेत, दोन्हीकडच्या बायकांची तर कधीपासून आहेत. अडलंय एवढ्यावरच, की आधी कोणी कोणाच्या दारात जायचं. मी म्हणतो, मागणी घालायला मुलाकडचे येतात. कुशाबा म्हणतो, जोडे मुलीच्या बापानं झिजवायचे. यात दोन वर्षं गेली. आता त्याला व्हँटेज मिळाल्यापासून तो म्हणतो, दिवाळीपर्यंत भागोजी माझ्या दारात आला नाही, तर खालच्या खोऱ्यातली एक मुलगी सांगून आली आहे, तिला होकार देणार. बनू जेवत नाही. मला दाखवायला नाही जेवत, मागीलदारी जेवते, पण तोंड उतरलेलं असतं.

तेव्हा या शब्दाचा अर्थ उलट टपाली कळव. शत्रूकडे काय आहे ते तरी समजू दे.

तुझा,
भागोजी

•

महाड
१९ सप्टेंबर १९७८

प्रिय भागोजी,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र वाचून काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय, पण एखाद्या शब्दाचा अर्थ आपणहून विचारणारा तू पहिला. मुलं फक्त विचारतात, परीक्षेला येणार का.

शाळेतल्या जाड कोशाच्या कपाटाची किल्ली आमच्या कारकुनाकडे असते आणि कारकून रजेवर असतो. तो उगवल्यावर बसून नीट पाहिलं. व्हँटेज म्हणजे अशी जागा किंवा अशी स्थिती, जिथे असल्यानं समोरच्यापेक्षा आपलं पारडं जड होतं. टेकडी धरून बसलेल्या फौजेकडे व्हँटेज असतं, कारण तिला खालचे सगळे दिसतात आणि खालच्यांना नुसती टेकडी दिसते.

आता याचं मूळ ऐक. शब्द इंग्रजांचा नव्हेच, फ्रेंचांचा. त्यांच्यात 'अव्हां' म्हणजे पुढे. त्यावरून 'अव्हांताज', म्हणजे पुढे असल्यामुळे होणारा लाभ. इंग्रजांनी तो उचलला आणि त्याचं पहिलं अक्षर गाळून व्हँटेज केला. त्याचाच थोरला भाऊ म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज. त्यात मध्ये 'ड' आहे ना, तो मुळात नव्हता. काही पंडितांना वाटलं की शब्द लॅटिनमधल्या 'अ‍ॅड'पासून आला असणार, म्हणून त्यांनी तो घुसडला. चूकच, पण मोठ्या माणसांनी केलेली, त्यामुळे ती काढायची कुणाची छाती झाली नाही. टेनिस नावाच्या खेळातही हा शब्द आहे. बरोबरी झाल्यावर जो एक गुण पुढे जातो, त्याला व्हँटेज मिळतं. पण पुढचा गुण गमावला की परत बरोबरी. किती सुंदर आहे बघ.

मी हे लिहीत असताना कमळाबाई मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "मोक्याची जागा, एवढंच ना? मग तीन पानं कशाला खर्चली?" शास्त्राची गोडी नसली की असं होतं.

थोडक्यात, कुशाबाच्या शेतात व्हँटेज 'आहे' असं म्हणणं बरोबर नाही. ती काही विहीर नव्हे. ती तुलनेची गोष्ट आहे. उदाहरणार्थ, उद्या तुझा माळा त्याच्या माळ्यापेक्षा हातभर उंच झाला, तर व्हँटेज तुझ्याकडे आलं.

बनूला आशीर्वाद. अशाच शंका विचारत जा.

तुझा,
श्रीपत

•

कुडपण
२८ सप्टेंबर १९७८

श्रीपत मास्तर,

रामराम. मधलं फ्रेंचांचं सगळं सोडून दिलं. शेवटून तिसरं वाक्य मात्र पाठ केलं.

हातभर कशाला, मी माझा माळा दोन हात चढवला. चारी मेढी बदलल्या, नवे कळकाचे बांबू आणले, वर पेंढा शाकारला. कुशाबानं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो तीन हात चढला. मग मी चढलो. मग तो. गावातले लोक कामं टाकून बांधावर बसून बघू लागले. येसाजीबाबा सड्यावरचा सगळ्यात म्हातारा माणूस. तो म्हणाला, "आसंच चढत ऱ्हायलात तर पर्तापगडावरनं तुमाला कोन तरी खाली उतरा म्हून सांगंल."

हसायचं त्यांना हसू दे. माझ्या डोक्यात वेगळंच आहे. आमच्या सड्याची जुनी रीत तुला माहीत नसेल. दसऱ्याच्या दिवशी ज्याचा माळा सर्वांत उंच भरतो, त्याला हाळीचा मान. म्हणजे काढणी सुरू होईपर्यंत दिवसभर त्यानं आपल्या माळ्यावर बसून अख्ख्या सड्याची राखण करायची. वानरं दिसली की हाळी द्यायची, की खाली सगळ्यांनी डबे बडवायचे, गोफणी फिरवायच्या. ऊन असेतो राखणदारानं माळा सोडायचा नाही. निसर्गाच्या हाकेला सूट आहे. त्याखेरीज उतरला तर मान गेला, वर सगळ्या सड्याला जेवण घालायचं.

आता मुद्द्याचं. राखणदाराची दुपारची भाकर पाळीपाळीनं एकेका घरानं द्यायची, आणि घरच्या कर्त्या पुरुषानं स्वतः नेऊन द्यायची असते. म्हणजे मी वर बसलो की एक ना एक दिवस कुशाबाला भाकर घेऊन माझ्या माळ्याखाली यावंच लागणार. तो खाली उभा, मी वर बसलेला. त्या वेळी मी म्हणणार, "कुशाबा, आलाच आहेस तर मनातलं बोल." झाली मागणी! चार लोक बघणार, की कुशाबा भागोजीकडे आला होता.

हे सगळं तुझ्या कोशामुळे सुचलं. शिक्षण वाया जात नाही.

तुझा,
भागोजी

•

महाड
४ ऑक्टोबर १९७८

प्रिय भागोजी,

सप्रेम जयभीम. अरे वेड्या, ते वाक्य उदाहरण होतं! मी वर्गात 'समजा, एक सिंह आहे' असं म्हणतो, तेव्हा मुलं पळत सुटत नाहीत.

तू जे सोडून दिलंस, तेच महत्त्वाचं होतं. त्या शब्दाच्या मुळाशी उंची नाहीच. तिथे 'पुढे' आहे. जो पुढे होतो, त्याचं व्हँटेज. उंच जागा, टेकडी, हे सगळे अर्थ मागाहून चिकटले. मूळ धरशील तर अर्थ असा होतो, की तू सरळ उठावंस, एक नारळ घ्यावास आणि कुशाबाच्या दारात जाऊन म्हणावंस, बाबा रे, पोरांचं करून टाकू. त्यात तुझं काय जाणार आहे? मान म्हणजे काय अंगावरचा दागिना आहे, की वाकलं तर पडेल?

दिवाळी या महिनाअखेर आली. पोरीचं आयुष्य आणि तुझे बांबू, यातलं काय मोठं ते बघ.

तुझा,
श्रीपत

ता. क. भाऊजी, मी कमळाबाई. हे झोपलेत तोवर कोपऱ्यात लिहिते. ह्यांना सांगायला काय जातंय? मागच्या गॅदरिंगला ह्यांची खुर्ची दुसऱ्या रांगेत ठेवली, म्हणून हे तीन दिवस शाळेत कुणाशी बोलले नाहीत. गोदूवहिनींना माझी आठवण सांगा. त्यांना म्हणावं, वेगळं पत्र टाकते.

•

कुडपण
९ ऑक्टोबर १९७८

कमळावैनीस गोदूबाईचा नमस्कार.

मी सांगतेय आनि बनू लिवतेय. तुमचं पत्र आलं, बनूनं चुलीपाशी वाचून दाखवलान. तुमी इचारलंत, ह्यांना कसं आवरायचं. वैनी, आवरायचं नाय. चढू द्यायचं.

दोन वरसं मी न् सोनाबाई बगतोय. सोनाबाई म्हंजे पांडूची आय. दोगं नवरे आमने-सामने बसलं की येकाचं बी काय हालत नाय. येक म्हनतो तू ये, दुसरा म्हनतो तू ये. म्हून आमी पानवठ्यावर ठरवलं, दोगांतला कोन तरी येक वर जाऊन बसला पायजे. म्हंजे दुसरा खाली मोकळा गावतो. कोन का वर जाईना, आमाला सारकंच.

मंग मी ह्यांना रोज भाकरीसंगं म्हनत ऱ्हायले, "कुशाबाभावजींचा माळा आज लय उंच दिसतोय नाय?" की हे कोयता घेऊन निगालेच कळक तोडाया. आनि तिकडं सोनाबाईनं आपल्या घरातलं सगळं सुंभ कणगीमागं लपवलान. कळक हायत, पन बांधायचं कशानं? भावजी घरभर सुंभ शोधत फिरतायत. सोनाबाई म्हनते, उंदरानी नेलं आसंल. दसरा परवावर आलाय. हे जिंकतायत.

पुडचं माज्यावर सोडा. मास्तरभावजींना यातलं बोलू नका. ते फ्रेंचांना कळवतील.

कमळाकाकी, मी बनू. हे शेवटचं आईनं सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते आहे. आईला सगळं सोपं वाटतं, पण मला भीती वाटते. पांडू म्हणतो, दिवाळीपर्यंत जमलं नाही तर तो मुंबईला मामाकडे निघून जाईल, पण ती दुसरी मुलगी करणार नाही. मुंबईला गेलेले लवकर परत येत नाहीत. बाबा माझ्यासाठीच करतायत, हे मला कळतं. पण ते रोज थोडे वर जातात आणि मी रोज खाली त्यांना बघते.

•

कुडपण, माळ्यावरून
१५ ऑक्टोबर १९७८

श्रीपत मास्तर,

रामराम. मान माझा! दसऱ्याला येसाजीबाबानं काठीनं मापलं आणि माझा माळा दीड हातानं जास्त भरला. कुशाबाला ऐन वेळी सुंभ मिळालं नाही म्हणतात. दैव लागतं.

तुझं पत्र मिळालं. नारळ घेऊन जा म्हणतोस, पण आता मला ऊन असेतो खाली उतरता येत नाही. तो प्रश्न मिटला.

काय सांगू, इथून सगळं दिसतं. कोणाची म्हैस कोणाच्या बांधावर चरते ते दिसतं. चांगूची बायको नदीवर सांगून निघते आणि माहेरच्या वाटेला लागते ते दिसतं. माझं स्वतःचं घर, अंगण, तुळस, पडवीतला पाट, सगळं तळहातावर. तुझी ती टेकडीवरची फौज मला आता बरोबर कळली. फक्त पाठ फार धरते, आणि वारा सुटला की माळा जरा जास्तच डुलतो, पण ते मी खाली कुणाला सांगितलेलं नाही.

कुशाबाची पाळी येत्या रविवारी आहे.

तुझा,
भागोजी

•

महाड
१९ ऑक्टोबर १९७८
(पोस्टकार्ड)

भागोजी, जयभीम. तुला सगळं दिसतं हे वाचलं. बनू दिसते का? श्रीपत.

•

कुडपण
२४ ऑक्टोबर १९७८

श्रीपत,

रामराम. आज मास्तर लिहीत नाही, नुसता श्रीपत लिहितो.

रविवारी दुपारी कुशाबा आला. डोक्याला नवा पटका, हातात भाकरीचं गाठोडं. बांधावर लोक जमले होतेच. मी घसा साफ केला. तो खाली उभा राहिला आणि म्हणाला, "राखनदार, भाकर आनलीय."

मी म्हटलं, "आनखी काय आनलंस?"

"ठेचा."

"तसं नाय. मनात काय घेऊन आलास?"

"मनात काय नाय. ऊन लय हाय."

मी दोर सोडला, त्यानं गाठोडं बांधलं, मी वर ओढलं. जेवलो. मुद्दाम सावकाश जेवलो, म्हटलं उभा राहून कंटाळेल आणि बोलेल. मी रिकामं फडकं खाली टाकलं. ते त्यानं नीट घडी केलं आणि चालू लागला. मला वाटलं, गेला घरी. तर तो माझ्याच घराकडे वळला!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. राखणदाराची भाकर राखणदाराच्याच घरच्या फडक्यात बांधायची असते, आणि फडकं परत त्याच्या घरी पोचतं करायचं असतं. जन्मभर पाहत आलेली रीत, पण वर चढायच्या नादात माझ्या ध्यानातच आली नाही. कुशाबा माझ्या दारात गेला, पण मागणी घालायला नाही, फडकं द्यायला. त्याच्या मानाला कुठं धक्का नाही. आणि दारात मी नाही. गोदू आहे.

पुढचं मी सगळं वरून पाहिलं. गोदूनं पडवीत पाट मांडला. घोंगडी आदल्या दिवशीच धुतलेली, म्हणजे बेत आधीचा. कुशाबा "नको नको" करीत बसला. लगेच सोनाबाई परसातून उगवली. मग पांडू नवा सदरा घालून आला. फडकं द्यायला कोणी नवा सदरा घालतं? गोदूनं साखरेची वाटी आणली. बनू बाहेर आली, तिनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला. श्रीपत, माझ्या पोरीचं ठरत होतं, आणि माझा सल्ला कुणाला नको होता!

मी उठून उभा राहिलो आणि जीव खाऊन ओरडलो, "हो! हो! थांबा! हो!"

झालं. ही तर हाळीच. सगळा सडा डबे बडवू लागला. गोफणी सुटल्या. कुत्री भुंकली. येसाजीबाबा काठी घेऊन खालून ओरडला, "राखनदार, वानरं कंच्या अंगाला?"

मी ओरडलो, "माज्या अंगनात!"

तर म्हातारा खरंच माझ्या अंगणात धावला, मागोमाग आणखी चारजण. गोदूनं त्यांच्याही हातावर साखर ठेवली. सगळे मिशा पुसत परत आले. येसाजीबाबा म्हणाला, "राखन चांगली चाललीय."

उतरावंसं शंभरदा वाटलं. एक पाय शिडीवर टाकलाही. पण मान जाईल, म्हणून परत वर घेतला. त्या वेळी बनू एकटी अंगणाच्या कडेला आली आणि कपाळावर हात धरून माझ्या माळ्याकडे बघत उभी राहिली. हात हलवला नाही, काही नाही. खूप वेळ उभी होती. तुझ्या कार्डातला सवाल मला त्या वेळी आठवला. होय बाबा, दिसली. एवढीशी दिसली. लहान होती तेव्हा दिसायची तेवढी. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी गेलो तो भांडायच्या तयारीनं. गोदू शांत. म्हणाली, "तुमी कुनाच्या दारात गेला नाय, भावजींनी मागनी घातली नाय. दोगं बी जिकलाव. हातपाय धुवा." मी म्हटलं, मला विचारल्याशिवाय मी हे लग्न मानत नाही. आणि पाण्याचा घोटही न घेता झोपलो. सकाळी त्याच रागात माळ्यावर जाऊन बसलो.

काल दुपारी शिडी करकरली. मला वाटलं वानर. बघतो तर कुशाबा! पाळी त्याची नव्हती. हातात भाकर नव्हती. बांधावर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. धापा टाकत वर आला आणि म्हणाला, "सरक." माळ्यावर दोन माणसं मावत नाहीत, खांद्याला खांदा लागतो. बसलो. बराच वेळ तो आपल्या शेताकडे बघत होता. मग म्हणाला, "हितनं माजं शेत लयच बारकं दिसतंय."

मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

तो म्हणाला, "काल साकर खाल्ली, पन घशाखाली उतरली नाय. पोरगी घरात आनायची आनि बापाला इचारायचं नाय, हे बरं न्हवं." मग त्यानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भागोजी, तुजी बनू माज्या पांडूला दे." आणि लगेच, "ह्ये खाली कुनाला बोलू नको."

श्रीपत, दोन वर्षं मी या शब्दांची वाट बघत होतो. ते कानावर पडले की काय काय बोलायचं, किती ताणायचं, सगळं घोकून ठेवलं होतं. आणि पडले तेव्हा एवढंच कळलं, की माझी पोर जाणार. "दिली," म्हटलं आणि रडू फुटलं. पोराटोरासारखं रडलो.

कुशाबा घाबरला. "आरं, रडतोस काय? दोन बांध वलांडलं की माजं घर. ते बग, हितनं दिसतंय." असं म्हणत त्यानं बोट दाखवलं, आणि मग मांडीवरचा पटका स्वतःच्याच डोळ्यांना लावला. त्याची थोरली रत्नागिरीकडे दिलेली, ती चार वर्षांत आलेली नाही.

लग्न मार्गशीर्षात धरलंय. कमळावहिनींना घेऊन ये. गोदू म्हणते, त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. कसं ते तू विचार, मला कोणी सांगत नाही.

आणि आज ऊन यायच्या आधी कुशाबाच्या शेतात जाऊन पाहिलं, तर काल दुपारी वानरांनी त्याची अर्धी नाचणी खाल्ली आहे. येसाजीबाबा विचारत होता, राखणदारानं हाळी कशी दिली नाही. काय सांगू त्याला? वानरं शिरली, तेव्हा आम्ही दोघे व्याही सगळ्या सड्यावरच्या सर्वांत उंच जागी बसून त्याच शेताकडे बघत होतो. डोळे भरलेले होते, एकालाही दिसली नाहीत.

तुझा,
भागोजी